अंतर्मुख जीभ

९ फेब्रुवारी

दाजी,

हे पत्र टेबलाबद्दल आहे. टेबल सोडून दुसरं काही लिहायचं नाही असं आमच्या साहेबांनी बजावलं आहे, तेव्हा आधी टेबल.

लांबी बारा फूट, रुंदी सहा. पुलाच्या मधोमध जी जुनी जकातीची खोली आहे, तिच्यात ते ठेवायचं आहे. खोलीच्या फरशीवर सरहद्दीची पांढरी रेघ आहे. रेघेच्या अलीकडचं अर्धं टेबल आमच्या देशाने करायचं, पलीकडचं तुमच्या देशाने. प्रत्येक अर्धं बारा फूट लांब, तीन फूट रुंद. दोन्ही अर्धी रेघेवर येऊन जुळली की तिथे दोन्हीकडचे अधिकारी बसतील आणि बोलणी सुरू होतील. बारा वर्षं बंद असलेला पूल उघडायचा, मालमोटारी सोडायच्या, वकिलातींची कुलपं काढायची, माणसांना माणसांकडे जाऊ द्यायचं, हे सगळं त्या टेबलावर ठरायचं आहे. काम हाताने झालं पाहिजे, यंत्र लावायचं नाही, असंही ठरलं आहे. यंत्र कुणाचं, हा वाद नको म्हणून.

तुमच्या बाजूचा सुतार कोण, हे मला साहेबांकडून कळलं. त्यांनी विचारलं, "समोरच्या मिस्त्रीला ओळखता?" मी म्हटलं, "आमच्या ताईचे यजमान. माझ्या वडिलांच्याच हाताखाली शिकले." साहेबांनी वहीत 'पूर्वपरिचित' असं लिहिलं. आपण सात वर्षं एका बाकावर रंधा मारला आणि नंतर बारा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. या सगळ्याला सरकारी भाषेत एवढाच शब्द आहे.

नकाशात लिहिलंय, 'दोन्ही भाग खाच आणि जीभ पद्धतीने जोडावेत.' एका फळीच्या कडेला लांबच्या लांब खाच, दुसरीच्या कडेला तेवढीच लांब जीभ. जीभ खाचेत बसली की सांधा हलत नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र आधी आमचे साहेब वाचणार, मग तुमचे साहेब, मग तुम्ही. दोन्ही साहेबांना नमस्कार.

खाच कुणी करायची आणि जीभ कुणी, ते नकाशात नाही. तुम्ही सांगाल तसं. फक्त बाबांच्या रंध्यांच्या जोडीतला खाचेचा रंधा माझ्याकडे नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जिभेचा तुम्ही नेला होता.

ताई बरी आहे का? हा प्रश्न टेबलाबद्दल नाही. साहेबांनी खोडला तरी चालेल.

अलीकडचा सुतार


२६ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं टिपण मिळालं. 'लांबी मान्य. रुंदी मान्य. जीभ आम्ही करतो, खाच तुम्ही करा.' बारा वर्षांनी आलेलं पत्र आणि त्यात एकही शब्द फालतू नाही. लाकूडसुद्धा तुम्ही असंच वापरता.

टिपण घेऊन साहेब स्वतः कारखान्यात आले. त्यांना आम्ही टाचणीसाहेब म्हणतो. कोटाच्या कॉलरला कायम चार टाचण्या असतात. सुटा कागद दिसला की त्यांना चैन पडत नाही. हे ते आता वाचतील, पण त्यांना नाव ठाऊक आहे.

"मिस्त्री, खाच कधी होईल?"

"खाच आपल्याकडून होणार नाही, साहेब."

"का? तुमच्या पत्रात कसल्या तरी रंध्याचं लिहिलंय. नवा मागवू."

"नवा चालायचा नाही. त्यांची जीभ ज्या रंध्याने होणार, त्याच्या जोडीचाच लागतो. दुसऱ्या रंध्याने खाच काढली तर जीभ तिच्यात लुडबुडत राहील."

"मग जोडीचा शोधू. हरवलाय ना? राष्ट्रीय काम आहे. पोलिसांना सांगून घरोघर शोध घेऊ. सुरुवात तुमच्याच घरापासून करू, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको."

मी हातातली फळी खाली ठेवली आणि म्हटलं, "साहेब, अडचण रंध्याची नाही. तत्त्वाची आहे."

तत्त्व हा शब्द माझ्या तोंडातून कसा गेला, मला कळलं नाही. कारखान्यात तो त्याआधी कधी कुणी वापरलेला नाही.

साहेबांनी स्टूल ओढून घेतलं. "जरा समजावून सांगा."

"म्हणजे असं, की जीभ शिरते आणि खाच सोसते."

साहेब बसल्या जागेवरून उठून उभे राहिले. कॉलरची एक टाचणी गळून पडली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "मिस्त्री," ते म्हणाले, "आमच्या अख्ख्या विभागात हे कुणाच्या लक्षात आलं नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर आलं, 'खाचेच्या मुद्द्यावर तडजोड नाही.' घरी बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, "हे तुम्ही बोललात?"

"सांध्याबद्दल बोललो होतो."

"घरात तर भाजी कुठली आणायची यावरही तुमचं ठाम मत नसतं."

तेव्हा दाजी, आमच्या बाजूनेसुद्धा जीभ होईल. मला तसा लेखी आदेश आला आहे, टाचणी लावून. जिभेचा रंधा नसल्यामुळे मी ती पटाशीने कोरतो आहे. बारा फूट जीभ पटाशीने कोरताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो.

अलीकडचा सुतार


१९ मार्च

दाजी,

परवा काय झालं ते तुम्ही पलीकडच्या दारातून पाहिलंत आणि मी अलीकडच्या. तरी लिहितो, कारण आत काय बोलणं चाललं होतं ते तुमच्या बाजूला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

तुमच्या साहेबांनीही खाच करायला नकार दिला हे आमच्याकडे आधीच कळलं होतं. आम्ही सोसणार नाही म्हटल्यावर ते तरी का सोसतील? तर दोन्ही अर्धी टेबलं पुढे सरकवली. जिभेला जीभ टेकली. मध्ये अंगठा जाईल एवढी फट राहिली.

आमचे साहेब म्हणाले, "फट आहे."

तुमचे साहेब वाकून बघून म्हणाले, "पण फट दोन्ही बाजूंना समान आहे."

यावर दोघांचं एकमत झालं. दोन्ही देशांमधलं गेल्या बारा वर्षांतलं हे पहिलं समोरासमोरचं एकमत म्हणून त्याची नोंद झाली आहे.

मग कुणीतरी सुचवलं की वरून कापड पसरू, म्हणजे फट दिसणार नाही. हिरवं कापड आलं. तुमच्या साहेबांनी त्यावर आपलं पेन ठेवलं. ते घरंगळलं, मधोमध आलं, कापड खचलं, आणि पेन कापडाला धरून कडेपर्यंत जाऊन खाली रेघेवर आडवं पडलं. टोपण आमच्या देशात, निब तुमच्या. अर्धा तास कुणी उचललं नाही. उचलावं तर आमचा हात तुमच्या हद्दीत जातो किंवा तुमचा आमच्या. शेवटी खोली झाडणाऱ्या मावशी आल्या. त्यांना रेघेबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पेन उचलून खिडकीत ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं, आणि वाकायला एकालाही येत नाही."

त्यानंतर बोलणी बेमुदत पुढे ढकलली.

गावच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, दोन जिभा सापाला असतात. टेबलालाही असू शकतात हे त्यांनी पाहिलं नाही, बरं झालं.

तुमचं डोकं पांढरं झालेलं दिसलं. माझंही झालंय, पण मी टोपी घातली होती. जाताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. डोळ्यांकडे नाही, हातांकडे. मी हात खिशात घातले. थंडी नव्हती.

अलीकडचा सुतार


२ एप्रिल

दाजी,

या पत्रात टेबल शेवटी येईल.

तुम्हाला माहीत असेल, बोलणी झाली तर भेटीला जाणाऱ्यांची पहिली बस पुलावरून सुटायची आहे. त्यात फक्त सत्तरीच्या पुढची माणसं. आईचा नंबर एक्केचाळिसावा. ताईसाठी तिने एक पिशवी भरून ठेवली आहे. ती दर आठवड्याला रिकामी करते आणि पुन्हा भरते, आत काय आहे ते विसरू नये म्हणून. तिच्या डाव्या डोळ्याने आता दिसत नाही. उजव्याचं विचारलं की डॉक्टर चष्मा पुसत बसतात. लेकीचं तोंड दिसेल तेवढा उजेड उरलाय तोवर बस सुटावी, एवढंच ती मागते. माझ्याकडे नाही, देवाकडे. माझ्याकडे मागून तिने पाहिलंय.

काल सकाळी मी कामावर निघालो, तर ती म्हणाली, "झालं का रे ते टेबल?"

"झालंय. जुळत नाही."

"का?"

"दोघांनाही जीभच हवी आहे. खाच कुणालाच नको."

"म्हणजे घरोघर असतं तसंच." मग म्हणाली, "तुझे वडील असते तर दीड दिवसात जुळवलं असतं."

"त्याला त्यांचा रंधा लागतो, आई."

"मग घे की कोनाड्यातून."

मी एक चप्पल घातली होती. दुसरी हातातच राहिली.

"कुठल्या कोनाड्यातून?"

"देवाच्या मागून. बारा वर्षं पुसतेय मी त्याला. डोळे गेले तरी हाताला कळतं, देव कुठला आणि रंधा कुठला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते," आई म्हणाली. "आता तेवढं बघायलाही डोळे उरले नाहीत."

तर दाजी, असं आहे.

बाबा शेवटी म्हणाले होते, "रंध्यांची जोडी जावयाला द्या, त्याचा हात हलका आहे." तुम्ही औषध आणायला गेला होतात. ऐकायला मी आणि आई. मी त्यांचा मुलगा. माझा हात जड आहे हे मला ठाऊक होतं, पण बाबांनाही ठाऊक आहे हे मला त्या दिवशी कळलं. ते गेल्यावर तुमच्यासमोर पेटी उघडली तेव्हा आत जिभेचा रंधा होता, खाचेचा नव्हता. आणि मी चारचौघांत म्हटलं, "दाजींनी आधीच नेला असेल." ताईने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही जिभेचा रंधा पिशवीत घातला आणि निघालात, आणि त्यानंतर आपलं बोलणं नाही. तीन आठवड्यांनी युद्ध सुरू झालं आणि पूल बंद झाला.

लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, युद्धामुळे आमची ताटातूट झाली. ऐकणारा उसासा टाकतो. युद्धाने माझी फार सोय केली, दाजी.

रंधा मी कालपर्यंत कधी वापरला नाही. तेवढीही हिंमत झाली नाही. रोज सकाळी मी देवापुढे हात जोडत होतो आणि देवाच्या मागे तो होता. बारा वर्षं माझा नमस्कार नेमका कुणाला पोचला, मला सांगता येणार नाही. गुरुजी म्हणायचे, खोट्याला पाय नसतात. ते खरं आहे. पण त्याला सरकारी गाडी मिळाली तर पायांवाचून काही अडत नाही, हे मी या दोन महिन्यांत पाहिलं.

साहेब, हे तुम्ही दाजींच्या आधी वाचाल. तुमच्यासमोर उभं राहून सांगवेना, म्हणून तुमच्या हातून जाणाऱ्या पत्रात लिहिलं. ताईबद्दल विचारलेलं तुम्ही त्या वेळी खोडलं नव्हतं, म्हणून एवढा धीर झाला.

आता टेबल. सोबत फूटभर फळीचा नमुना पाठवतो. त्यात खाच काढली आहे. तळाशी बोट फिरवलंत तर केसाएवढी उंच रेघ लागेल. पात्याची खपली उडालेली आहे ना, तिची. बाबा तिला 'माझी सही' म्हणायचे. सही ओळखलीत तर मी वेगळं काही लिहायला नको.

तुमचा मेहुणा


१६ एप्रिल

दाजी,

तुमचं उत्तर मिळालं. 'नमुना मिळाला.' दोन शब्द. मी ते उलटून पाहिले, उजेडात धरले. त्यात राग किती आणि लाकूड किती, काही कळलं नाही.

साहेब माझं पत्र वाचून तसेच कारखान्यात आले. डोक्याला टोपी नाही, कॉलरला एकही टाचणी नाही. मी उभा राहिलो.

"मिस्त्री, म्हणजे दोन महिने देशाचं धोरण तुमच्या देवाच्या मागे होतं?"

"हो, साहेब."

"मी यावर तीन भाषणं लिहून दिली. एकात 'आम्ही सोसणार नाही' हे वाक्य चार वेळा आहे."

"माझं चुकलं, साहेब."

"तुमचं चुकलं ते तुमचं. मी वर काय सांगू?"

"खरं सांगा."

साहेबांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "त्याला वेगळा विभाग आहे," ते म्हणाले.

मग ते येरझाऱ्या घालू लागले. भुशातून बूट चालत होते, त्यांना भान नव्हतं. मला वाटलं माझं काम जाणार. त्याचं एवढं काही वाटत नव्हतं; बस जाणार, याचं वाटत होतं. मी मनात देवाचं नाव घेत उभा होतो.

साहेब एकदम थांबले. "खाच म्हणजे नेमकं काय हो, मिस्त्री? व्याख्या काय?"

आता सुताराला कुणी व्याख्या विचारत नाही. मी नमुन्याचा दुसरा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि सुचलं ते बोललो. "जीभ बाहेर आलेली असते, साहेब. खाच म्हणजे तेवढीच जीभ, आत गेलेली."

"पुन्हा म्हणा."

"तेवढीच जीभ. फक्त आत."

"आत," साहेब म्हणाले. "अंतर्मुख." त्यांनी माझ्या बाकावरची पेन्सिल घेतली आणि फळीवरच लिहायला लागले. आता ती फळी कार्यालयात आहे, फाइलमध्ये मावत नाही म्हणून कपाटावर ठेवली आहे. त्यावर असं आहे: 'दोन्ही देशांच्या बाजूंस जीभच राहील. त्यांपैकी एक बहिर्मुख व एक अंतर्मुख असेल. खाच कोणीही करणार नाही.'

चार दिवसांत दोन्हीकडून मंजुरी आली. तुमच्या साहेबांनी एकच बदल सुचवला म्हणे, 'व' च्या जागी 'आणि'. तो मान्य झाला. पेपरात आलं, 'अंतर्मुख जिभेवर सहमती.' बायकोने वाचलं आणि म्हणाली, "अशी एक घरातही बसवा. सासूबाईंसाठी."

आतून आई म्हणाली, "आधी सुनेला. मग उरली तर मला."

माझी पटाशीने कोरलेली जीभ मी कापून टाकली. तेवढी फळी अरुंद झाली, म्हणून कडेला नवी पट्टी जोडून तिच्यात खाच काढली. म्हणजे अंतर्मुख जीभ काढली. नमुना फूटभराचाच होता; आता बाबांचा रंधा बारा फूट चालवायचा होता. पहिले पाच फूट मी काही न बोलता गेलो. पुढच्या सात फुटांत देवाचं नाव घेतलं. नीट बघाल तर ते सात फूट जास्त सरळ आहेत.

ताई काय म्हणाली ते कळवलंत तर बरं. नाही कळवलंत तरी मला कल्पना आहे.

तुमचा मेहुणा


३० एप्रिल

दाजी,

काल खोलीत आपल्याला एकमेकांशी फक्त सांध्याबद्दल बोलायची परवानगी होती, म्हणून राहिलेलं आज लिहितो. काल जे झालं तेही लिहितो, कारण ते मला पुन्हा एकदा घडवून बघायचं आहे.

तुम्ही रेघेच्या पलीकडे, मी अलीकडे. मागे दोन्हीकडचे साहेब, फायली पोटाशी धरून. आपण दोघांनी टेबलं ढकलली. तुमची जीभ माझ्या खाचेत शिरली. (साहेब, इथे अंतर्मुख असं वाचावं.) शिरली आणि अडली. नदीच्या हवेने लाकूड फुगलं असणार.

मी वाकून म्हटलं, "दोन सूत राहिलंय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साहेबांसाठी लिहितो.

तुम्ही न वाकता म्हणालात, "दोन नाही. दीड."

बारा वर्षांनी आपलं झालेलं पहिलं बोलणं ते एवढं. मी मोजलं. दीडच होतं.

मग तुम्ही खिशातून मेणाचा तुकडा काढलात, तुमच्या जिभेच्या उघड्या भागावर फिरवलात आणि रेघेवरून माझ्याकडे सरकवलात, खाचेला लावायला. बाबांचीच रीत. मी हात पुढे केला, तोच कोपऱ्यातला जकातीचा कारकून ओरडला, "थांबा. वस्तू हद्द ओलांडतेय."

सगळे थांबले. मेण रेघेच्या अलीकडे वीतभर येऊन पडलं होतं. कारकुनाने बारा वर्षांपूर्वीची नोंदवही काढली, धूळ फुंकली, नवं पान उघडलं. "काय म्हणायचं याला?"

"मेण," मी म्हटलं.

"नग?"

"एक तुकडा."

"नवा की वापरलेला?"

"वापरलेला," तुम्ही म्हणालात. "माझ्या सासऱ्यांचा आहे."

त्याने ते सगळं लिहून घेतलं. दाजी, दोन्ही देशांमधला व्यापार पुन्हा सुरू झाला तो तुमच्या खिशातल्या मेणाने, हे आता वहीत आहे. बाबा गेल्यावर तुम्ही तो तुकडा पेटीतून उचललात हे मी पाहिलं नव्हतं. पेटीवर सगळ्यांत जास्त डोळा माझाच होता, तरी पाहिलं नव्हतं.

मी माझं अर्धं जरा मागे ओढून खाचेला मेण लावलं. आपण दोघांनी एकदम जोर दिला. टक् असा आवाज झाला. फार मोठा नाही, पण मागे कुणाचा तरी श्वास सुटलेला मी ऐकला. आमच्याच साहेबांचा असावा. तुम्ही सांध्यावरून अंगठा फिरवत बाराही फूट चालत गेलात. टोकाला, जिथे खाचेचं तोंड दिसतं, तिथे करंगळीचं नख घातलंत आणि थांबलात.

"पातं घासत नाहीस वाटतं."

"बाबांची सही आहे ती, दाजी."

"सही त्यांची. आळस तुझा."

पलीकडचे पहारेकरी बघत होते, हे सांध्याबद्दल चाललंय की नाही म्हणून. मग साहेब लोक आले, खुर्च्या ओढल्या, आणि आपल्याला बाहेर जायला सांगितलं. दारापाशी तुम्ही वळलात आणि मोठ्याने म्हणालात, "तुझ्या ताईचा निरोप आहे. अधिकाऱ्यांची बोलणी आटपली की तुला तिची बोलणी खायची आहेत. बारा वर्षांची आहेत. पोट रिकामं ठेव म्हणाली."

परवानगी नसताना तुम्ही हे बोललात. पहारेकऱ्याने तुम्हाला अडवलं नाही, कारण तो हसत होता.

मी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दीड सूत म्हणाला ना? मग तो रागावलेला नाही. रागावला असता तर दोन म्हणू दिलं असतं."

तुमचा मेहुणा


१५ मे

दाजी,

पहिल्याच बैठकीत मालमोटारी आणि बस, दोन्हींवर सह्या झाल्या. वकिलातींवर अजून चर्चा चालू आहे, पण साहेब म्हणतात टेबल हलत नाही त्यामुळे त्यावर हात आपटून कुणाला फार काही साधत नाही. येत्या वीस तारखेला आई बसने निघेल. खिडकीची जागा मिळाली आहे. उजव्या बाजूची, म्हणजे चांगला डोळा बाहेरच्या अंगाला राहील. मला जाता येणार नाही, मी अजून पन्नाशीचाही नाही.

खाचेचा रंधा मी आईबरोबर पाठवतो आहे. तो तुमचा आहे. पिशवीत तो कुठे ठेवायचा हे तिने मला करू दिलं नाही, स्वतः ठेवला. म्हणाली, "तू ठेवलास की बारा वर्षं सापडत नाही."

पण एक गोष्ट झाली आहे, ती तुम्हाला आधी कळलेली बरी. पलीकडे नेण्याच्या वस्तूंसाठी जकातीच्या खिडकीवर फॉर्म भरावा लागतो. तोच मेणवाला कारकून.

"हे काय?"

"रंधा."

"विकायला नेताय?"

"नाही."

"मग भेट?"

"भेटही नाही. ज्याचा आहे त्याला द्यायचाय."

"तसा रकाना नाही. एका शब्दात सांगा."

मी म्हटलं, "परत."

त्याने 'परत' लिहिलं, शिक्का मारला आणि पावती माझ्या हातात दिली. "तीस दिवसांच्या आत आणा."

"काय आणायचं?"

"रंधा. तुम्हीच सांगितलंत ना, परत. म्हणजे नेऊन परत आणणार. तीस दिवसांची मुदत असते. त्या वेळी ज्याच्या ताब्यात असेल त्याने स्वतः खिडकीवर हजर करायचा."

"अहो, परत म्हणजे परत द्यायचाय."

"परत म्हणजे परत," कारकून म्हणाला. "पूल बंद होण्याआधी तेरा वर्षं मी याच शब्दावर शिक्के मारलेत. मागे कोण आहे? पुढे या."

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी पावती वाचली, तिला टाचणी लावली. मग म्हणाले, "मिस्त्री, एकदा शिक्का पडला की तोच अर्थ. दुरुस्तीला अर्ज करता येईल. करायचाय का?"

मी विचार केला आणि नको म्हणालो. साहेब म्हणाले, "मलाही तसंच वाटलं."

तेव्हा दाजी, कायद्यानुसार आता तुम्हाला एकोणीस जूनच्या आत रंधा घेऊन पुलावरून अलीकडे यावं लागेल, स्वतः. ताईला सोबत आणा; साक्षीदार लागतो असं मी कुठेतरी वाचलंय असं सांगा. तिची बोलणी मी जेवणाआधी खाईन. दुसऱ्या दिवशी रंधा तुमच्या हातात देऊन मी पुन्हा त्याच खिडकीवर जाईन, फॉर्म घेईन आणि पुन्हा तोच शब्द सांगेन.

कारकुनाला अर्थ समजावून सांगायची मला आता घाई नाही.

तुमचा मेहुणा